पाळक आणि त्याचा कळप



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा 'ख्रिस्ती समाजातील पाळक' हा विषय आमच्याकडे सोपविला. विषय ऐकून काहींच्या मनात असे आले असेल की, मूर्तिजापूरच्या श्रोत्यांना या विषयाचे काय प्रयोजन? येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचा चर्चशी संबंध आला तर तो रस्त्याने जाताना दिसणाऱ्या इमारतीपुरता, किंवा शाळेतल्या एखाद्या मित्रामुळे नाताळात खाल्लेल्या फराळापुरता. शंका रास्त आहे. पण या विषयाच्या पोटात जो प्रश्न आहे तो एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. आपली नसलेली माणसे आपली म्हणून सांभाळावयाची कशी, हा तो प्रश्न होय. ज्याच्या हाती शाळा आहे, संस्था आहे, ग्रामपंचायत आहे, त्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. ख्रिस्ती परंपरेने दोन हजार वर्षे या प्रश्नाचा विचार एका दृष्टान्ताच्या आधाराने केला, आणि तो दृष्टान्त मेंढपाळाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला आपण सरसकट 'पाद्री' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याचा मूळ अर्थ बाप. वसईकडील कॅथलिक लोक 'धर्मगुरू' म्हणतात. नगर, सोलापूर, अकोला या बाजूच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र जो शब्द रुळला तो 'पाळक'. इंग्रजीतील 'पास्टर' या शब्दाच्या मुळाशी चारणारा, खाऊ घालणारा असा लॅटिन अर्थ आहे. त्याला मराठीने दिलेले हे नाव आम्हांस फार समर्पक वाटते. बाप घरात वरचढ असतो. गुरू आसनावर बसतो. पाळकाला मात्र बसून चालत नाही, कारण कळप जेथे जाईल तेथे त्याला जावे लागते. कॅथलिक बिशपच्या हातात वरच्या टोकाला वळण दिलेला जो दंड दिसतो, तोही मेंढपाळाच्या आकड्याच्या काठीचीच खूण आहे. सोन्यारुप्याने मढविला तरी तो राजदंड नव्हे, हे धरणाऱ्याने विसरू नये, एवढ्यासाठीच त्याला ते वळण आहे असे म्हणावयास हरकत नाही.

हा दृष्टान्त समजण्यासाठी वऱ्हाडच्या माणसाला पॅलेस्टाइनला जाण्याची गरज नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे रानोरान फिरू लागतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवितो; रात्रभरात शेताला लेंडीखत मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळतो. गावच्या आखरावर सकाळी घरोघरची ढोरे जमत आणि ढोरकी ती रानात नेई, ही व्यवस्थाही आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. या ढोरक्याचा विचार करा. गाय पाटलाची, म्हैस देशमुखाची, गोऱ्हा कोण्या गरिबाचा. त्याचे स्वतःचे त्यात एकही जनावर नसते. तरी संध्याकाळी एखादी गाय परत आली नाही तर मालकाच्या आधी कंदील घेऊन निघतो तो ढोरकीच. आणि जो निघत नाही, त्याला गाव पुढच्या वर्षी ठेवीत नाही.

आमच्या आजच्या व्याख्यानाचे सूत्र या ढोरक्यापाशीच सापडते. पाळक हा मालक नव्हे आणि तो मजूरही नव्हे. कळप दुसऱ्याचा आहे म्हणून त्याने मालकी गाजवू नये. आणि कळप दुसऱ्याचा आहे म्हणून त्याने हातही झटकू नयेत. या दोन टोकांच्या मधली वाट अरुंद आहे. पाळकाच्या साऱ्या कसोट्या त्या वाटेवर होतात.

बायबलमध्ये ही गोष्ट निरनिराळ्या तऱ्हांनी येते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू चांगल्या मेंढपाळाची आणि 'मोलकऱ्याची' तुलना करतो. लांडगा येताना दिसला की मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात; चांगला मेंढपाळ जीव गेला तरी जागा सोडीत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील गोष्ट तर पुष्कळांना माहीत आहे: शंभरांतले एक मेंढरू हरवले तर मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून त्या एकाच्या शोधाला जातो. या गोष्टीतील करुणेबद्दल सगळे बोलतात. आम्हांस तिच्यातील एक व्यावहारिक बाब तितकीच मोलाची वाटते. शंभरांतले एक नाही हे त्याला कळले कसे? त्याने संध्याकाळी मेंढरे मोजली होती म्हणून. ज्याने मोजलेच नाही त्याला काहीच हरविल्याचे कळत नाही, आणि तो रात्री सुखाने झोपतो. पाळकपणाची सुरुवात उपदेशाने होत नाही. ती मोजणीने होते. प्रत्येक मंडळीत बाप्तिस्म्याचे, लग्नाचे आणि दफनाचे रजिस्टर असते. कारकुनाला ते दप्तर वाटेल. चांगल्या पाळकाला ती आपल्या माणसांची हजेरी वाटते. कोण यायचे थांबले, कोणाच्या घरी आजार आहे, कोणाच्या मुलाचे शिक्षण तुटले, हे त्याला त्या नावांवरून बोट फिरविताना आठवते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. त्या देशात मेंढपाळ बहुधा दुसऱ्याची मेंढरे राखीत. मेंढरू श्वापदाने मारले तर पुरावा म्हणून त्याचा उरलेला भाग आणून दाखवावा असा जुन्या कायद्यात नियम होता. आमोस नावाचा संदेष्टा स्वतः तकोवा गावचा मेंढपाळ. सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढणाऱ्या मेंढपाळाचे चित्र त्याने उभे केले आहे. मेंढरू तर गेलेच; मग कानाचा तुकडा कशासाठी? मी झोपलो नव्हतो, मी विकून खाल्ले नाही, मी झुंजलो, हे धन्याला दाखविण्यासाठी. ज्याच्या हाती माणसे सोपविली त्याला त्यांच्याविषयी उत्तर द्यावे लागते, ही जाणीव इतक्या रोखठोक शब्दांत फार थोड्या ठिकाणी आढळते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे घातले. पुढची वीसबावीस वर्षे मंडळी होती, पण पाळक परदेशी होते. १८५४ साली हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी गृहस्थांना तेथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. हरिपंतांचे मूळ आडनाव खिस्ती. ते धर्मांतरापूर्वीचेच, ही एक गंमतच म्हणावयाची. त्याच सुमारास या मिशनच्या बोस्टन येथील मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचा आग्रह असा होता की, प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा; परदेशी मिशनऱ्याने काम उभे करून बाजूला व्हावे. तत्त्व उत्तम होते. पण ते अमलात येण्यास पिढ्या लागल्या, आणि का लागल्या याचे कारण आमच्या विषयाशी थेट भिडते.

कारण असे की, पाळकाला खायला कोण घालतो यावर तो कोणाकडे तोंड करून उभा राहतो हे पुष्कळ अंशी ठरते. पगार समुद्रापलीकडून आला की पाळकाचे डोळे अहवालाकडे लागतात. यंदा किती बाप्तिस्मे झाले, किती शाळा चालल्या, हे लिहून धाडावयाचे असते. तेथे मोलकरीपणाचा धोका उभा राहतो. उलट पगार गावच्या वर्गणीतून आला तर दुसरा धोका: ज्याची वर्गणी मोठी त्याच्या घरची चूक पाळकाला दिसेनाशी होते. आणि पाळकाच्या हातीच पैसा आला, म्हणजे शाळेतली जागा, वसतिगृहातला प्रवेश, मिशनच्या जमिनीवरचे घर देणे न देणे त्याच्या मर्जीवर आले, तर तो मालक होऊन बसतो. तिन्ही धोके खरे आहेत. एकातून सुटावे तर माणूस दुसऱ्यात सापडतो.

मालकीचा हा मोह दुष्काळात सर्वांत मोठा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी देश होरपळून निघाला. दुसऱ्याचा तडाखा आपल्या वऱ्हाडालाही फार मोठा बसला. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील गावांतून मिशनांनी अन्नछत्रे व अनाथाश्रम चालविले. ज्याने भुकेल्याला भाकरी दिली त्याच्यापुढे तो भुकेला 'नाही' म्हणू शकत नाही. म्हणून त्या काळच्या धर्मांतरांविषयी टीका झाली, आणि ती सगळीच द्वेषापोटी झाली असे आम्ही म्हणणार नाही. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, ती मुले रस्त्यावर मरत असताना टीका करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे हात रिकामे होते.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. रमाबाईंनी पाळकपदाची दीक्षा घेतलेली नव्हती. त्या काळी स्त्रीला ती मिळण्याची सोयही नव्हती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या. त्यांचे आईवडील १८७४ साली अशाच उपासमारीत गेले होते; भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांनी त्या मुलींना नुसते जेवू घातले नाही. विणणे, शेती, छापखान्याचे काम शिकवून उभे केले. सांभाळलेल्याला कायमचे आपल्यावर अवलंबून ठेवतो तो मालक. त्याला चालता येईल इतके बळ देतो तो पाळक. रमाबाईंच्या धर्ममतांशी ज्यांचे जुळले नाही, त्यांनाही ही कसोटी लावून पाहता येईल.

पगाराच्या प्रश्नाला एका मराठी माणसाने फार वेगळे उत्तर दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आपण कवी म्हणून ओळखतो, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे त्यांचा लहरी, उधळा, प्रेमळ स्वभावही घरोघरी माहीत झाला आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अनेक वर्षे मिशनच्या नोकरीत काढली. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून त्यात एकत्र बसू शकत. मिशनशी त्यांचे वैर नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, या देशात संन्याशाचा शब्द लोक ऐकतात, पगारी उपदेशकाचा नव्हे. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. व्यवहाराच्या दृष्टीने प्रयोग फसला म्हणावा. पण त्यांनी विचारलेला प्रश्न फसलेला नाही: तुमची भाकरी तुमचा शब्द तर बांधून ठेवीत नाही ना?

संन्याशाचा शब्द लोक का ऐकतात, हे मूर्तिजापूरकरांना दुसऱ्या कोणी सांगावयास नको. याच तालुक्यातील दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजी नावाच्या मुलाने गुरे राखली, शेत कसले आणि १९०५ साली घर सोडले. पुढे त्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. लाखोंची कामे केली. आणि त्यांपैकी एकाही इमारतीवर स्वतःची वा घरच्यांची मालकी लागू दिली नाही. हाती खराटा असे आणि तो ते स्वतः चालवीत. गाडगेबाबांना ख्रिस्ती दृष्टान्तात ओढून बसविण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे की, मालकही नाही आणि मजूरही नाही असा राखणदार कसा असतो हे ज्यांना पाहावयाचे, त्यांना तो याच मातीत दिसेल.

आता एका मोठ्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. माणसे म्हणजे काय मेंढरे आहेत? लोकशाहीच्या युगात, प्रत्येकाला एक मत असताना, कोणी पाळक आणि कोणी कळप ही भाषाच अपमानकारक नाही काय? आपल्याकडे तर 'मेंढरासारखे मागे जाणे' ही शिवीच आहे. आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. त्या दृष्टान्ताच्या आधाराने लोकांना गप्प बसविणारे पुढारी सर्वच पंथांत होऊन गेले. पण मूळ दृष्टान्तात तीन गोष्टी आहेत, त्या अशा पुढाऱ्यांना परवडत नाहीत. पहिली ही की, मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत. म्हणजे पारख कळपालाही असते. दुसरी ही की, पाळक स्वतः कळपाबाहेरचा कोणी नाही, थोरल्या मेंढपाळाच्या कळपातला तोही एक. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन याने आपल्या लोकांना हेच सांगितले: तुमच्यासाठी मी बिशप आहे, ही भीतीची गोष्ट, तुमच्याबरोबर मी एक ख्रिस्ती आहे, हा माझा दिलासा.

तिसरी गोष्ट यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. तेथे चरबी खाऊन, लोकर पांघरून कळप वाऱ्यावर सोडणाऱ्या मेंढपाळांवर कडक आसूड ओढला आहे, हे सर्व जाणतात. पण त्याच अध्यायात पुढे लठ्ठ मेंढरांवरही आसूड आहे. ही मेंढरे स्वतः चांगले गवत खातात आणि उरलेले पायांनी तुडवितात. स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले गढूळ करतात. दुबळ्यांना शिंगांनी ढकलून कळपाबाहेर लोटतात. म्हणजे लांडगा नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. आणि पाण्याचे नाव निघाले की महाराष्ट्रातल्या माणसाला पाणवठ्यांचा सारा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. ख्रिस्ती मंडळ्याही त्या इतिहासापासून सुटल्या नाहीत. नगर जिल्ह्यात महार व मांग समाजांतून आलेल्यांनी मंडळ्या भरल्या, पण जुन्या जातींची सावली लग्नाच्या बैठकीत आणि कधी कधी चर्चच्या बाकांवरही पडत राहिली. बाहेर कायद्याने त्यांना वेगळेच पेचात टाकले: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र मिळाला नाही. अशा माणसाला पाळकाने स्वर्गाचे चार शब्द सांगून घरी पाठवावे काय? कळपात धक्के मारणाऱ्याला अडविणे आणि धक्के खाणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे, हे त्या अध्यायाप्रमाणे पाळकाचे मूळ काम आहे. फावल्या वेळची समाजसेवा नव्हे.

हे काम आपल्या आठवणीत कोणी केले काय, असे विचाराल तर वसईकडे बोट दाखविता येईल. तेथील धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यातील जमीन आणि पाणी वाचविण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लढा दिला. बागायती गिळणारी बांधकामे आणि टँकरने उपसले जाणारे गोड पाणी, हे त्या लढ्याचे विषय होते. पुष्कळांनी त्यांना वेदीपुरतेच राहण्याचा सल्ला दिला असेल. पण ज्या विहिरीचे पाणी खारट होते ती विहीर ख्रिस्ती असते का हिंदू? त्या लढ्यात सर्व धर्मांचे वसईकर उतरले. दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. 'सुबोध बायबल'बद्दल त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आणि जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या कळपाला कुंपण नव्हते, हे त्यांच्या जाण्यानंतर हळहळलेल्या महाराष्ट्राने दाखवून दिले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली धर्मगुरूंना सांगितले होते की, मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास आला पाहिजे. धनगराची घोंगडी ज्याने कधी अंगावर घेतली आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

चर्चच्या व्यवस्थेतही काळाप्रमाणे फरक पडत गेला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, आणि पुढे त्या चर्चमध्ये स्त्रियांनाही दीक्षा मिळू लागली. रमाबाईंना जे मिळू शकत नव्हते ते त्यांच्या नातींच्या पिढीला मिळाले. कारभार समित्यांच्या हाती आला, मतदान आले, घटना आली. हे सर्व इष्टच आहे. पण घटनेने मालकीला आळा बसतो. मोलकरीपणाला कोणतीही घटना आळा घालू शकत नाही. कामाचे तास भरले, सभा घेतली, सह्या केल्या, आणि एक घर वर्षभर दाराला कडी लावून बसले ते कोणाला कळलेच नाही, असे उत्तम घटनेखालीही घडते. ते टळते ते केवळ एखाद्याने संध्याकाळी मोजणी केली म्हणून.

श्रोतेहो, आपण येथून उठून आपापल्या कामाला जाल. कोणी शाळेत वर्गाची हजेरी घेईल, कोणी दवाखान्यात रुग्णांचे कागद पाहील, कोणी सोसायटीच्या सभासदांची यादी तपासील. त्या यादीतील किती नावांमागची माणसे आपल्याला ठाऊक आहेत, एवढा एकच प्रश्न आपण स्वतःला विचारावा. पाळकाचे शास्त्र त्याहून फार मोठे नाही. यादी आपल्या मालकीची नसते, ती काही काळ आपल्याकडे सोपविलेली असते. आणि ज्याने सोपविली तो, मग त्याला कोणी देव म्हणो वा समाज म्हणो, एक दिवस मोजून परत मागतो.